चिंचेनं घासलेलं नाणं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजक म्हणाले, 'तू आपल्या बॅचमधला डॉक्टर, चार शब्द बोल.' पण या डॉक्टरकीचा आमच्या गल्लीत अजून घोळ आहे. पीएच.डी. होऊन गावी आलो, तेव्हा शेजारच्या काकू गुडघा दाखवायला आल्या. 'काकू, मी जुन्या वस्तूंचा डॉक्टर आहे,' म्हटलं, तर म्हणाल्या, 'मग गुडघा तरी कुठं नवा आहे?'

या डॉक्टरकीची सुरुवात आपल्याच शाळेत झाली आणि ती एका चुकीतून झाली. ती चूक आज सांगून टाकतो.

आपण सातवीत होतो. पाऊस पडून गेला की केळना नदीकाठच्या पांढरीत आपण मणी शोधायला जायचो, आठवतंय ना? तिथं एकदा मला तांब्याचं नाणं सापडलं. हिरवं, खडबडीत. नीट पाहिलं तर त्यावर सोंड उचललेला हत्ती दिसत होता आणि कडेला काही अक्षरं होती. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या सरांना दाखवायचं ठरवलं. पण असं मळकं कसं न्यायचं? आई तांब्याचा हंडा घासायची, तसं रात्री चिंच, मीठ आणि राख घेऊन तासभर घासलं. नाणं लखलखीत झालं.

सरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. विचारलं, 'यावर काही होतं का रे?' मी म्हणालो, 'हत्ती होता सर, अक्षरंबी होती.' सर रागावले नाहीत. त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं, मूठ मिटवली आणि फळ्याकडे वळले. छडी बसली असती तर मी विसरलो असतो. ती मिटलेली मूठ विसरलो नाही.

पुढच्या तासाला सरांनी धडा बाजूला ठेवून आपल्या गावाचा इतिहास सांगितला. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनची माणसं आहेत, त्यांची नोंद तिथल्या दगडांवर कोरलेली आहे. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भग्न भाग सापडला. तशाच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईला सापडली होती. पाँपेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच भारतातून तिकडे पोचली होती. ती आपल्या भोगवर्धनच्या कारागिरांची असावी, असंही काही अभ्यासक मानतात. मी मात्र खिशातल्या गुळगुळीत चकतीवर बोट फिरवत बसलो होतो.

जालन्याला बी.एस्सी. केमिस्ट्री केलं. सगळे बी.एड. कर म्हणत होते. मी वारसा जतनाकडे वळलो, तेव्हा वडील म्हणाले, 'काहून रे, मातीच उकरायची तर आपलं वावर काय वाईट होतं?' तरीही त्या वर्षीच्या कापसाचे पैसे त्यांनी माझ्या हातावर ठेवले.

पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत कळलं की तांब्यावरचा हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. शेकडो वर्षांत धातूचाच वरचा भाग बदलून तो थर होतो आणि बऱ्याचदा अक्षरं त्या थरातच शिल्लक असतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकानं, कणाकणानं काढायचा असतो. कुठं थांबायचं, हेच खरं शिक्षण. त्या रात्री मी मळ नाही, हत्तीच घासून टाकला होता.

पीएच.डी.साठी भित्तिचित्रांखालचा मातीचा गिलावा हा विषय घेतला. त्या अभ्यासात माझ्याच चुकीची मोठी भावंडं भेटली. 1920 साली निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. सुटणारा गिलावा त्यांनी पक्का केला, ते मोठंच काम झालं. पण चित्रांवर लाखेचं वार्निश दिलं, ते पुढे पिवळं पडलं. ते काढायला नंतरच्या लोकांना किती वर्षं खपावं लागलं! म्हणून आमच्याकडे नियम आहे : जे उद्या काढता येणार नाही, ते आज लावायचं नाही.

उलट वेरूळचं पाहा. 2016 मध्ये पुरातत्त्व खात्यात काम केलेले राजदेव सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या आपल्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी तिथल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं दाखवलं. त्यामुळे तो गिलावा कीड न लागता टिकला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जुन्या गवंड्यांना जे ठाऊक होतं, ते आपण आता सूक्ष्मदर्शक लावून शिकतोय. माझी सहा वर्षं अशीच माती, भुसा आणि तंतू मोजण्यात गेली. फेलोशिप उशिरा यायची, मेसचं बिल मात्र वेळेवर.

मित्रहो, तुमच्यातले कितीतरी जण आज इथं शेती करता, घरं बांधता, जेसीबी चालवता. माझ्या प्रबंधापेक्षा तुमचे हात भोगवर्धनच्या जास्त जवळ आहेत. म्हणून दोनच विनंत्या. पाया खोदताना नाणं, मणी, मूर्ती, काहीही निघालं तर घासू नका, धुऊ नका, शेंदूर लावू नका. कुठं आणि किती खोल सापडलं ते लिहून ठेवा, फोटो काढा. आणि तहसील कार्यालयात कळवा. 1878 पासून तसा कायदाच आहे, जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. लपवलेली वस्तू विकली जाते आणि गावाचं एक पान जातं.

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. ते नाणं मी आणलंय. त्यावर आता वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला मी तेच दाखवतो, आणि मग त्यांच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवतो. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत सर, पण शिकवलंत. त्या हत्तीबद्दल माफी असावी.