उंबरठ्याबाहेर टाकले म्हणजे गेले काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय दिला, 'हवा, जमीन व पाणी यांचे प्रदूषण'. तो ऐकून मी जरा बिचकलेच. मी काही मोठी शास्त्रज्ञ नव्हे. तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवले आणि तेवढीच वर्षे घर सांभाळले. आज जे सांगणार आहे ते या दोन्ही शाळांत शिकलेले आहे.

आपण घर झाडतो, केर सुपलीत भरतो आणि बाहेर टाकतो. मोरीतले पाणी गटारात सोडतो. घर लख्ख झाले, आपले काम संपले! परंतु बाहेर टाकलेले जाते कोठे, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

आपल्या पंचगंगेचेच पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. प्रयाग चिखलीच्या संगमावर आपण श्रद्धेने हात जोडतो. तीच नदी कोल्हापुरास येते, तेव्हा शहराचे सांडपाणी जयंती नाल्यातून तिच्याकडे धावत असते. शुद्धीकरण केंद्र झाले हे खरे. पण पंप बंद पडला किंवा नाला भरून वाहिला, की मैलापाणी सरळ पात्रात उतरते. पुढे कारखान्यांचे आणि रंगाईचे पाणी येऊन मिळते. अशी ती नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेस भेटते आणि तेथे आपल्याच बहिणी तिची ओंजळ भरून घेतात.

पाणी नासते म्हणजे काय होते? पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, त्यावर मासे जगतात. मैला, खरकटे, निर्माल्य, मळी असे काही पाण्यात पडले, की ते कुजवणारे जंतू वाढतात आणि तो प्राणवायू संपवून टाकतात. मग मासे गुदमरतात. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो, त्याचे कारण हेच. मैलापाण्याच्या आणि कपड्यांच्या पावडरीच्या खतावर जलपर्णी माजते, ती निराळीच.

हे माशांपाशी थांबत नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली. मैलापाणी मिसळलेले पाणी पिण्यात आले आणि हजारो माणसे अंथरुणाला खिळली, कित्येक दगावली. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा 'ई' नावाचा एक प्रकार आहे. तो गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, सर्वांत घातक ठरतो. नदी नासली तर त्याची किंमत माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीने द्यावी, हे आपल्याला चालेल काय?

आता जमिनीकडे वळू. ऊस तुटून गेला, की पाचट पेटवून देण्याची रीत आहे. शेत झटपट मोकळे होते; पण मातीतले उपकारक जीव होरपळतात आणि ज्या पाचटाचे उत्तम खत झाले असते त्याचा धूर होतो. त्याची काजळी आपल्या वाळवणावर येऊन पडते, हे तुम्हा सर्वांच्या परिचयाचे आहे! पिकाला पाणी आणि खत वारेमाप दिले, की जमीन क्षारपड होते. शिरोळ तालुक्यात अशी पांढरी पडलेली शिवारे डोळ्यांनी दिसतात. एकेकाळी तीच काळीभोर होती.

आणि हवा! माझी आई पहाटे शेणी आणि ओली लाकडे फुंकून चूल पेटवी. तिचे डोळे सदा लाल आणि खोकला कायमचा. आम्ही म्हणत असू, आईची प्रकृतीच तशी! पुष्कळ वर्षांनी कळले, की तो चुलीचा प्रसाद होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. आज गॅस पुष्कळ घरी पोचला आहे, तरी टाकी परवडत नाही म्हणून चूल पेटवणाऱ्या बायका आपल्याच आसपास आहेत. आणि ज्यांच्या घरी चूल नाही, त्या आपण सकाळी पालापाचोळ्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या पेटवतो. त्या विषारी धुरात शेजारचे तान्हे बाळ श्वास घेते. राख मातीत मिसळते, पावसाने ओढ्यात जाते आणि ओढा नदीला मिळतो. पाहिलेत ना? हवा, जमीन, पाणी ही नावे तीन. घाण मात्र एकच, या घरातून त्या घरात फिरणारी.

कोणी म्हणेल, "बाई, कारखाने आणि नगरपालिका एवढे करतात, त्यात आमच्या मोरीचे काय घेऊन बसलात?" शंका रास्त आहे. मोठा दोष मोठ्यांचाच आहे. पाण्यासाठी १९७४ चा आणि हवेसाठी १९८१ चा कायदा आहे. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. आपल्या प्रभागाचे सांडपाणी कोठे जाते, ते शुद्ध होते की नाही, हे मंडळाच्या नावाने लेखी विचारू. उत्तर येईतो दर महिन्याला विचारू. पण विचारणाराचे हातही स्वच्छ हवेत. ओला आणि सुका केर निराळा ठेवणे २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केले. ओल्याचे खत करू, निर्माल्य कुंडीत घालू, केर पेटवणार नाही, संपलेले सेल आणि जुनी औषधे वेगळी देऊ. साथीच्या दिवसांत पाणी उकळूनच पिऊ.

शेवटी एक घरचीच गोष्ट सांगते, राग मानू नये. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे लुटले आणि अल्पोपाहार थर्माकोलच्या बशांतून दिला. वाण निवडणाऱ्यांत मीही होते, म्हणून दोष माझाही आहे. त्या बशा दुसऱ्या दिवशी मी नाल्याच्या कठड्यापाशी पाहिल्या आणि मला आपली लाज वाटली. थर्माकोलच्या ताटल्यांवर तर २०१८ पासून आपल्या राज्यात बंदी आहे!

तेव्हा यंदा मंडळाने स्टीलच्या शंभर बशा विकत घ्याव्यात अशी माझी सूचना आहे. पहिल्या दहा बशांचे पैसे मी आज चिटणीसबाईंकडे देत आहे. धुण्याची पाळी आपण वाटून घेऊ.