कोशात न आलेल्या कर्त्या बायका

ज्ञानकोश म्हटला की आपल्याला डॉ. केतकरांचे तेवीस खंड आठवतात. आजची मुलं मात्र माहिती शोधतात ती विकिपीडियावर. २००१ साली सुरू झालेला हा कोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि कोणालाही त्यात लिहिता येतं. मराठीतही तो २००३ पासून आहे.

पण दार सर्वांना उघडं असलं म्हणून सर्वांना आत जागा मिळतेच असं नाही. इंग्रजी विकिपीडियातील चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रं जेमतेम एक पंचमांश आहेत. आफ्रिकेतील स्त्रियांच्या वाट्याला त्यातलाही लहानसाच तुकडा येतो.

असं का व्हावं? एक उदाहरण पाहू. नायजेरियात अबेओकुटा नावाचं शहर आहे. तिथं १९०० साली फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांचा जन्म झाला. त्या इंग्लंडात शिकून आल्या आणि शिक्षिका झाल्या. बाजारात माल विकणाऱ्या बायकांना त्या अक्षरं शिकवू लागल्या. शिकता शिकता त्या बायकांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं : अंमलदार आमचा तांदूळ हिसकावून नेतात, वर बायकांवर निराळा कर! तेव्हा अंमल ब्रिटिशांचा होता, आणि वसुली होई ती आलाके म्हणजे तिथल्या राजाच्या हातून. हजारो बायका त्याच्या वाड्यासमोर ठाण मांडून बसल्या. शेवटी १९४९ च्या जानेवारीत राजाला गादी सोडावी लागली. पुढं तो परत आला, ही गोष्ट निराळी. पण बायकांनी आपली ताकद दाखवली ती दाखवलीच.

फुन्मिलायोबाईंवर आज लेख लिहिता येतो, कारण त्यांची कागदपत्रं इबादान विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेली आहेत आणि १९९७ साली त्यांचं चरित्रही छापलं गेलं. पण त्यांच्या मागं उन्हात बसलेल्या त्या बायकांपैकी कितीजणींची नावं कागदावर उतरली? फारच थोड्यांची.

कोशाचा नियम आहे, की प्रत्येक विधानाला विश्वसनीय, प्रसिद्ध झालेला आधार हवा. नियम चांगलाच आहे. त्यावाचून कोश म्हणजे चावडीवरच्या गप्पा होतील. पण दप्तर लिहिलं साहेबानं, बाईची नोंद झाली नवऱ्याच्या नावाखाली, आणि स्थानिक वर्तमानपत्रं राहिली कपाटात. आजीच्या तोंडची आठवण तर आधार म्हणून चालतच नाही. म्हणजे उणीव कर्तृत्वाची नव्हती, कागदाची होती.

ही उणीव भरून काढायला लोक पुढं आले आहेत. २०१६ साली 'विकी लव्ज विमेन' हा उपक्रम घाना, नायजेरिया, कॅमेरून आणि आयव्हरी कोस्ट इथं सुरू झाला. तिथले स्वयंसेवक आपल्याच देशातील स्त्रियांवर लिहू लागले. केनियाच्या वांगारी माथाई यांना २००४ साली शांततेचं नोबेल मिळालं. त्यांची दखल जगानं घेतली. पण नोबेल न मिळालेल्यांचं काय?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यात आपल्यालाही हात लावता येईल. चांगलं पुस्तक वाचून एकेका बाईविषयी मराठीत दहाच ओळी लिहा; मात्र बिनचूक लिहा, आणि आधार नोंदवा. आणखी एक पथ्य पाळा. फुन्मिलायोबाईंची ओळख पुष्कळदा गायक फेला कुटींची आई अशी करून देतात. तसं नको. लेखाची पहिली ओळ त्यांच्या नावानं आणि त्यांच्या कामानं सुरू व्हावी. मुलाचं नाव मागून येईल. त्यात त्याचाही काही अपमान नाही.