अंगी असलेली कला

(संघाच्या आषाढातल्या मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताई जे बोलल्या, ते अनेक जणींनी मागितलं म्हणून त्यांच्याकडूनच लिहून घेऊन इथे देत आहोत.)



अध्यक्ष काकींनी मला बजावलंय, वीस मिनिटं बोल आणि कर्जफेडीवर बोलू नको, ते दर महिन्याला असतंच. म्हणून आज मी खाण्यावर बोलते. बेंदराची पुरणपोळी अजून सगळ्यांच्या पोटात असेल, आणि आखाड तळायचा म्हणून कुणाकुणाच्या घरी कापण्यांचे डबे भरलेले असतील. त्यामुळं विषय ताजा आहे.

गेल्या नवरात्रात आपण सगळ्या सभासदांची माहिती भरून घेतली. फॉर्म तुम्हाला आठवत असेल. नाव, वय, शिक्षण, जमीन, जनावरं आणि नऊ नंबरला एक रकाना होता, ‘अंगी असलेली कला’. तीन गावं मी स्वतः फिरले. बहुतेक घरात एकच उत्तर. “काय न्हाई, लिवा.” एका वहिनींनी तर हसून विचारलं, “कला म्हंजे नाचगाणं का? ते न्हाई बाई आमच्यात.” मीही मान खाली घालून ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या रकान्याला गेले.

त्याच घरात देवाची घटस्थापना झालेली होती. फॉर्मवर सही घ्यायला मी मान वर केली, तर घटाच्या वर फुलोरा टांगलेला. कडाकण्या होत्याच, पण त्यांच्या मधोमध कणकेची वेणी, तिच्या शेजारी दात कोरलेली फणी, झाकणासकट करंडा, आरसा आणि एवढासा पाळणा. सगळं तुपात तळून कडक झालेलं, दोऱ्यानं ओवलेलं. मी विचारलं, हे कुणी केलं? त्या वहिनी म्हणाल्या, “कोण करणार? मीच. दर वर्षी करते.” फणीचे दात त्यांनी काडेपेटीच्या काडीनं पाडले होते. आणि माझ्या हातातल्या कागदावर त्यांच्याच सहीच्या वर लिहिलेलं होतं, कला : नाही.

मी समाजकार्य शिकले, तिथं आम्हाला ‘गावातली संसाधनं ओळखा’ असं शिकवलं. विहिरी मोजल्या, बोअर मोजले, शाळेच्या खोल्या मोजल्या. फुलोरा मोजायचं कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगते, मलाही सुचलं नाही. माझी आई कराडकडची, तीही दर वर्षी फुलोरा करते. डोळ्यासमोर असलेलं दिसत नाही, ते असं.

आता पुढच्या महिन्यात नागपंचमी आहे. शिराळ्याची पंचमी साऱ्या देशाला माहीत आहे, पण मला नागापेक्षा त्या दिवशीच्या चुलीचं नवल वाटतं. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही. म्हणजे विळी, सुरी, तवा, कढई सगळं बाजूला. अशा वेळी बाई काय करणार? गप्प बसली असती तर सण उपाशी गेला असता. पण कुठल्या तरी घरातल्या कुणी तरी कणकेची पुरी लाटली, मधे पुरण ठेवलं, चारी बाजूंनी घडी घातली आणि मोदकासारखं वाफवून काढलं. झाली दिंडं. ना तवा, ना तेल, ना सुरी. एवढ्या अडचणीतून एवढी मऊ गोष्ट निघाली. ती कुणी काढली तिचं नाव कुठं लिहिलेलं नाही. आपण सगळ्या तिच्या वारसदार आहोत.

दिवाळीतल्या पाडव्याचे शेणाचे पांडव घ्या. अंगणात गवळण ताक घुसळतेय, गाई बसल्यात, कोपऱ्यात जातं आणि चूल. माझ्या चुलतीच्या पांडवांत एका वर्षी एक गवळण कानाला मोबाईल लावून बसली होती. आज्जी चिडली. पण शेजारच्या चार गल्ल्या ती बघायला आल्या होत्या.

वाळव्याकडच्या एका गटात कोकणातून आलेली सून आहे. आपल्याकडं हळदीचं पीक मोठं, पण पानाचं आपण काय करतो? शेतातच टाकतो. हिनं गौरीला सासरच्या शेतातली हळदीची पानं आणली, त्यावर तांदळाचं पीठ थापलं, आत गूळखोबरं भरलं आणि पातोळ्या उकडल्या. सासूबाई आधी म्हणाल्या, आपल्यात चालत न्हाई. वास सुटल्यावर त्याच पान उघडून बसल्या. आता त्या घरात गौरीला पातोळ्या होतात आणि नातवंडांना वाटतं हे पहिल्यापासूनच आहे. रीत अशीच सुरू होते. कुणीतरी एकदा पहिल्यांदा केलेली असते.

आता तुमच्या शेजारच्याच एका बाईंची गोष्ट सांगते. कुंडल तुम्हाला जी. डी. बापू लाडांमुळं माहीत आहे, प्रतिसरकारमुळं माहीत आहे. त्याच कुंडलमध्ये १९१३ साली कमलाबाई ओगले जन्मल्या. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीत आल्या आणि स्वयंपाक शिकल्या तो सासूबाईंच्या हाताखाली. पुढं दुसऱ्या बायकांना शिकवायला लागल्या आणि १९७० साली त्यांचं ‘रुचिरा’ पुस्तक निघालं. हे पुस्तक लाखाच्या वर खपलं. परदेशात जाणाऱ्या कित्येक मराठी मुलींच्या बॅगेत आयांनी ते घातलं. आणि त्यात मापं कशात? वाटीत आणि चमच्यात. काटा नाही, ग्रॅम नाही. घरात जे आहे त्यातच मोजायचं. चौथी शिकलेल्या बाईला हे सुचलं, कारण ती आधी हातानं करायची आणि मग लिहायची.

मी उलटं केलं. ती माझी चूक तुम्हाला सांगायची आहे, कारण तिचा फटका गटाला बसला.

खटाव तालुक्यातल्या आपल्या एका गटाला पुण्यातून फराळाची ऑर्डर आली. चकली, चिवडा, शेव ह्यांची चिंता नव्हती. अनारसे मात्र कुणी विकायला केले नव्हते. मी प्रशिक्षणातला छापील कागद नेला, वजनकाटा नेला. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत पंचावर वाळवले, दळून चाळले आणि कागदावर लिहिला तेवढा गूळ तोलून घातला. चौथ्या दिवशी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. हसला म्हणजे तुम्हाला कळलं, पार विरघळून कढईभर झाला. दुसरा हसला. तिसरा हसला. पाच किलोचं पीठ, त्यात वर तूप. कुणी मला बोललं नाही, पण सचिव वहिनींचा चेहरा मला अजून दिसतो. ते पैसे त्यांच्या बचतीतले होते.

तेव्हा मागच्या दाराशी बसलेल्या एका आज्जी उठून आल्या. त्याही सभासद आहेत, पण मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांनी पिठाची मूठ दाबली, उघडून बघितली आणि म्हणाल्या, “गूळ तोलून घालायचा नसतो गं. पिठाला इचारून घालायचा.” तांदूळ जास्त ओले राहिले होते आणि गूळ नवा, चिकट होता. कागदाला ते कसं कळणार? त्यांनी कोरडी पिठी थोडी थोडी मिसळत नेली, गोळा पुन्हा दोन दिवस झाकून ठेवायला लावला. मग खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून एक सोडला. जाळी पडली. सगळं पीठ वाचलं.

त्या दिवशी आम्ही एक गोष्ट शिकलो आणि ती तुम्हीही करून बघा. ‘अंदाजानं’ म्हणणाऱ्या बाईला माप विचारू नका, ती सांगू शकत नाही. तिला घालू द्या आणि तुम्ही मोजा. गुळाची परात आधी तोला, आज्जींचा हात फिरून झाला की परत तोला, फरक लिहा. असं तीन वेळा, तीन वेगळ्या दिवशी. प्रत्येक वेळी फरक निघाला, आणि का निघाला तेही लिहिलं. तांदूळ जुना की नवा, हवा कशी होती, गूळ कसा होता. शिवाय मूठ दाबल्यावर कशी दिसली पाहिजे ते लिहिलं. आमचा कागद छापील कागदापेक्षा लांब झाला, पण त्यावरून केलेला अनारसा हसत नाही.

एका मावशींनी तेव्हा विचारलं होतं, “सणाचं विकायचं का? निवेदाचं ते निवेदाचं.” मला तो प्रश्न बरोबर वाटतो. घरचा पहिला घाणा देवाचा आणि घरच्यांचा, हे गटानं ठरवलं आणि पाळलं. पण पुण्यातल्या बाईला वेळ नाही आणि तुमच्याकडं हात आहे, तर त्या हाताचे पैसे घेण्यात लाज नको. दर ठरवताना तूप, गूळ, सरपण धरता, आणि तीन दिवस पाणी बदलणारीची मजुरी विसरता. ती धरा. विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणीही लागते, ते मी करून देते.

मग डब्यावरच्या चिठ्ठीचा विषय निघाला. मी म्हटलं, अनाऱ्यांच्या डब्यावर आज्जींचं नाव घालूया. सगळ्या हो म्हणाल्या. आज्जी नाही म्हणाल्या. मला वाटलं लाजतात. मी आग्रह केला तेव्हा हळूच म्हणाल्या, “पोरी, मी पांढऱ्या कपाळाची. दिवाळीच्या डब्यावर माझं नाव कुणाला चालंल?”

त्यांचे मालक गेले तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. गावातल्या अर्ध्या घरांचं पुरण त्यांनी शिजवलंय. गौरीला सोळा भाज्या त्यांनी निवडून दिल्यात. पण ओटी भरताना, वाण देताना त्या मागच्या दाराला. हात चालतो, कपाळ चालत नाही. मी काय बोलणार होते? मी गप्प बसले.

पण गट गप्प बसला नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडायची, कुंकू पुसायची रीत बंद केली, हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. हेरवाड काही लांब नाही. संक्रांतीच्या आधी दोन बैठका ह्याच विषयावर झाल्या. भांडण झालं, ते लपवत नाही. एक काकी म्हणाल्या, माझ्या सासूनं पाळलं, मी पाळलं, आता मोडायचं का? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, राग नव्हता. शेवटी ठरलं की समारंभाला सगळ्या सभासदांना बोलवायचं, वाण सगळ्यांना सारखं, आणि हळदीकुंकू ज्यांना हवं त्यांनी घ्यायचं, कुणी कुणाला ओढायचं नाही.

वाणाचंही नवीन केलं. प्लॅस्टिकच्या वाट्या घरोघरी माळ्यावर पडल्यात, त्या नकोत. प्रत्येकीनं आपल्या घरच्या बियांची पुरचुंडी आणली. दोडका, गवार, मिरची, आणि एकीनं कोरेगावच्या माहेराहून वाघ्या घेवडा आणला. त्या बिया ह्या पावसात परसात उगवल्यात, मी बघून आले.

आज्जी आल्या. पुढच्या सतरंजीवर बसल्या. पुरचुंडी घ्यायला पदर पसरला, पण कुंकवाची बोटं कपाळाजवळ आली तेव्हा मान मागं घेतली. कुणी जबरदस्ती केली नाही. दोघी जणी त्या दिवशी आल्याच नाहीत, त्यातली एक अजून बैठकीला येत नाही. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले, परत जाणार आहे.

आता माझं मागणं छोटं आहे. गौरी यायला वेळ आहे. तेवढ्यात घरातल्या नाहीतर शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि तिचा एक पदार्थ मघाशी सांगितलं तसा मोजून लिहा. लिहिता येत नसेल तर पोरीला बसवा, तिचं अक्षर आणि तुमचं तोंड. वर तिचं नाव लिहा, ‘सासूबाई’ नको, पूर्ण नाव. तिला कुणी शिकवलं तेही विचारा. ती सांगेल की आईनं, नाहीतर नणंदेनं, मग त्या बाईचंही नाव लिहा. पदार्थ मोठा नको. भोगीची भाजी चालेल, शेपूची भाजी चालेल. मोबाईलवर सगळं मिळतं असं पोरी म्हणतील. मिळतं, मीही बघते. पण तुमच्या तव्याला आणि तुमच्या ज्वारीला काय लागतं ते तिथं नसतं.

आणि फॉर्म मी परत आणलेत, ह्या पिशवीत आहेत. नऊ नंबरचा रकाना मी सगळ्यांचा खोडलाय. चहा झाला की एकेकीनं यायचं आणि सांगायचं. ‘काय न्हाई’ मी लिहून घेणार नाही. फुलोरावाल्या वहिनींचा मी आधीच भरलाय, त्यांना विचारून.

आज्जींचा मात्र कोरा ठेवलाय. डब्यावर नाव घालायचं का नाही, ते दिवाळीच्या आधी सांगते म्हणाल्यात. तांदूळ मात्र आत्ताच निवडून ठेवलेत, जुने.