तिसाव्या दिवसाच्या आत



मी डोळ्याच्या पडद्याची डॉक्टर आहे, तेव्हा बोलणार आहे तेही दीड-दीड किलोच्या बाळांच्या डोळ्यांबद्दलच.

पडद्यातल्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागतात आणि पडद्याच्या टोकापर्यंत पोचायला जवळजवळ चाळिसावा आठवडा उजाडतो. जिथं रक्त पोचलेलं नसतं, तिथल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. त्या ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन सोडतात. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी त्या प्रथिनामुळे विभागतात आणि त्याच्या दिशेनं सरकतात.

पण मला आजही थक्क करतं ते त्याचं दुसरं काम. नव्या अस्तरपेशीला नुसतं जगायलाही हेच प्रथिन लागतं. बाहेरून आधारपेशींचं आवरण चढण्याआधी त्याचा पुरवठा तुटला, तर ती पेशी आपणहून मरते. जेरुसलेममधल्या संशोधकांनी १९९५ साली हे जगवण्याचं काम उंदरांच्या पिल्लांच्या डोळ्यांत दाखवलं. जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या पिल्लांच्या वाहिन्या नष्ट होत होत्या. डोळ्यात व्हीईजीएफ टोचलं, तर त्या वाचत होत्या.

१९४०-५०च्या दशकांत अमेरिकेत हजारो अपुऱ्या दिवसांची बाळं आंधळी झाली, त्यामागचं कोडं इथं उलगडतं. जीव वाचवायला दिलेला ऑक्सिजन जास्त झाला, व्हीईजीएफ घटलं, कोवळ्या वाहिन्या मेल्या. पुढे वाढत्या पडद्याला ऑक्सिजन पुरेना, तेव्हा तेच प्रथिन बेसुमार सुटलं. नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटल्या आणि त्यांनी पडदाच ओढून सोडवला.

आजही अशी बाळं तपासताना मला कधी पडद्यावर एक पांढुरकी रेघ दिसते. अलीकडे वाहिन्या, पलीकडे कोरा पडदा. ती रेघ जाड होऊन उंचावली, तिच्यावर लाल वाहिन्या उगवल्या, की हाती थोडेच दिवस उरतात. तेवढ्यात लेसर किंवा व्हीईजीएफला अडवणारं इंजेक्शन दिलं, तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. उशीर झाला, तर माझ्या हाती फारसं काही उरत नाही.

म्हणून हात जोडून सांगते. घरात, शेजारीपाजारी ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं, तर तिसाव्या दिवसाच्या आत त्याचा पडदा तपासून घ्या; २८ आठवड्यांच्या आतलं असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळानं छान बाळसं धरलं असेल, तरीही.