घरचा योगवर्ग : आधीची तयारी



मी सातवी शिकलेली गृहिणी. अनुभवाचे चार शब्द सांगते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. त्या काळी योग शिकायचा तर गुरूपाशी जावे लागे. २०२० च्या टाळेबंदीपासून शिक्षिकाच मोबाईलवर घरोघरी येऊ लागल्या.

तयारी थोडकीच. पोट रिकामे असावे, म्हणून पहाट बरी. न घसरणारी जाड सतरंजी आणि सैल पंजाबी पोशाख पुरे. मोबाईल डब्याला टेकवून असा ठेवावा की आपण बाईंना पुरत्या दिसू. दिसलो नाही तर त्या चूक सुधारणार कशी? रक्तदाब किंवा मणक्याचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, बाईंनाही सांगावे.

पण खरी तयारी घरच्यांची. माझा वर्ग सुरू झाला की चहा, डबा, पाण्याची मोटार, सारे नेमके तेव्हाच सर्वांना आठवे. शेवटी मी सांगितले, “सहा ते साडेसहा मी घरात नाही असे समजा.” दुसऱ्या दिवशी यजमानांनी चहा केला, साखर विसरले, पण केला.

भगिनींनो, हा अर्धा तास कोणी आपणहून देत नाही. तो मागायला लाजू नका, एवढीच विनंती करून आपली रजा घेते.