आमची गोष्ट कुठवर आली

आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघी मिळून एक लांब गोष्ट लिहितो आहोत. ती कुठवर आली आणि मध्यंतरी आम्ही काय वाचलं, ते आज सांगतो.

गोष्टीतल्या बाईला आम्ही नुसतं ‘थोरली’ म्हणतो. वडील वारले. माहेरी हापूसची चाळीस कलमं, थोडी भातजमीन आणि घर. गणपतीला थोरली माहेरी गेली, तर भावानं हक्कसोडपत्र पुढे केलं, “ताई, एवढी सही कर.” इथवर साठ पानं झालीत. लावणीच्या दिवसांत एक ओळही पुढे सरकली नाही. आता गटाची बैठक संपली की तासभर लिहायला बसतो.

सही करावी की नाही? आमच्यातल्या दोघी म्हणतात, करावी, नाहीतर माहेर तुटेल. दोघी म्हणतात, हक्क सोडू नये. म्हणून आधी कायदा समजून घेतला. २००५ सालापासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाएवढाच जन्मतः हक्क आहे. तेव्हा वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. आणि हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते मागे घेणं सोपं नसतं. पण सही नाकारल्यावर रात्री झोप लागेल का, हे कायदा सांगत नाही. ते गोष्टीलाच सांगावं लागतं.

इथे वाचन कामी आलं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. तिथून विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ आणलं. पुस्तक १९३३ सालचं. विभावरी हे टोपणनाव. लेखिका बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यात मुलीच्या पगारावर घर चालतं, म्हणून तिचं लग्न लांबत जातं. घरातलं कुणी राक्षस नाही, सगळे प्रेमानंच वागतात. तिथेच मुलीची अडचण होते. आरडाओरडा करणाऱ्याला नाही म्हणता येतं, पण मायेनं मागणाऱ्याला कसं म्हणणार?

ते वाचल्यावर आमच्या गोष्टीतला भाऊ बदलला. आता तो ओरडत नाही. थोरलीसाठी स्वतः चहा आणतो. त्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे, लेकीची फी थकली आहे. थोरलीला हे सगळं माहीत आहे. त्यामुळे लिहिणं अवघड झालंय, पण गोष्ट खरी वाटू लागली आहे.

काशीबाई कानिटकरांविषयीही वाचलं. त्या लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, तेही घरातले टोमणे सोसत. त्यांची ‘रंगराव’ कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपानं आली. आपल्याला निदान वहीवरून टोमणे बसत नाहीत; बसले तरी चौघी आहोत!

सध्या ठरलंय ते एवढंच: थोरली त्या दिवशी सही करत नाही. “कागद घरी नेते, वाचून सांगते,” म्हणते. तेवढ्यानंही ओटीवर शांतता पसरते. त्या शांततेत भाऊ काय बोलतो, ते आम्हाला अजून ऐकू आलेलं नाही.

तुमच्या बैठकीत यावर बोला. तुमच्या ओळखीच्या घरांत अशा वेळी कोण काय बोललं, ते नावं न घेता आम्हाला कळवा. पुढचं प्रकरण त्यातूनच लिहू आणि इथेच वाचून दाखवू.