एक रकाना राहून गेला
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



२५ वर्षांपूर्वी मी राहुरीला बँकेत होतो. थोरली आठवीत, धाकटा तिसरीत. शाळेसाठी मुलांना रोज नगरला पाठवायचे, की बिऱ्हाडच सावेडीत हलवायचे? अंतर सुमारे ३५ किलोमीटर. आमची ही म्हणाली, "कुणीतरी एसटीने जायचंच आहे ना? मग तुम्ही जा. पोरांची झोप मोडू नका."

मी बँकेचा माणूस. घराचा हप्ता, एसटीचा पास, शाळेची फी, सगळे कागदावर मांडले. जमत होते. आलो. सहा वर्षे मनमाड रस्त्याने ये-जा केली. घरी यायला रात्रीचे आठ वाजत.

एक रकाना मात्र राहून गेला, संध्याकाळचा. धाकट्याला सायकल खालच्या मजल्यावरच्या काकांनी शिकवली. थोरलीचं गणित शेजारच्या बाईंनी घेतलं, एक पैसा न घेता. मुले चांगली शिकली. पण ती कशी वाढली, हे मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले.

आज तुमच्यापैकी कोणी रोज सुप्याच्या एमआयडीसीत जातो, कोणी आठवडाभर पुण्याला राहतो. माझ्यावर पुन्हा वेळ आली तर मी सावेडीतच येईन. पण तुम्ही हिशेब मांडाल तेव्हा संध्याकाळ धरा. आणि शेजारच्या बापाला यायला उशीर होत असेल, तर त्याच्या पोराला हाक मारा. माझ्याकडचे ते देणे अजून फिटायचे आहे.